स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा टीव्ही

अव्वा, आपला टीव्ही गेला. तसा तो बरेच दिवस जातो जातो म्हणत होता. आधी उजव्या कडेला एक उभी रेघ आली, मग तिच्या शेजारी दुसरी आली, आणि गेल्या आठवड्यात बातम्या चालू असताना चित्र एकदम अंधारलं. आवाज मात्र ठणठणीत. मी तसाच ऐकत बसायला लागलो. माणसं बोलताहेत, भांडताहेत, एकमेकांना गप्प बसा म्हणताहेत आणि समोर नुसती काळी पाटी. दुरुस्तीवाला आला, त्यानं पडद्याला चिकटवून टॉर्च धरला आणि म्हणाला, "इकडं वाकून बघा काका, चित्र हाय की आत. मागचा उजेड गेलाय." पाहिलं तर खरंच, टॉर्चच्या गोलात बातम्या देणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हलत होता. मला आपलं वाटायचं, चित्र म्हणजेच उजेड. तसं नसतं म्हणे. चित्र वेगळं आणि त्याच्या मागं लावलेले दिवे वेगळे. आता ते बदलत बसू नका, नवाच घ्या, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

तेव्हापासून टीव्हीशिवाय दुसरा विचार डोक्यात नाही, आणि हे सगळं ऐकून घेईल असं माणूस या घरात नाही. तू होतीस तेव्हा आई म्हणून तू फार मन लावून ऐकायचीस अशातला भाग नाही. भाकरी थापता थापता "हं, हं" करायचीस आणि मधेच मान वर करून विचारायचीस, "कोण वारलं म्हणालास?" पण निदान ते "हं" तरी असायचं. म्हणून तुलाच लिहितोय. तू गेलीस तेव्हा घरात तो मागं भलं मोठं पोट असलेला रंगीत टीव्ही होता, त्यामुळं यातलं बरंचसं तुला नवीनच आहे. कळलं नाही तर हं म्हण.

आपला पहिला टीव्ही आठवतो का? काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं असलेला. अप्पांनी तो हातगाडीवरून आणला, घरातल्याच चादरींमध्ये गुंडाळून, आणि गल्लीतली निम्मी पोरं मागून. तू सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलंस. भाकरतुकडा ओवाळून टाकलास, आणि टीव्ही आत येऊन स्टुलावर बसल्यावर त्याच्या लाकडी दारावर तीन बोटांनी विभूती ओढलीस. अप्पा म्हणाले, "अगं, टीव्ही हाय तो, नंदी न्हाई." तू म्हणालीस, "असू दे की. घरात राहणार हाय न्हवं?" मार्केट यार्डात दिवसभर अडत्याकडं दिवाणजी म्हणून बोलणारा माणूस घरी तुझ्यापुढं दोन वाक्यांत संपायचा. पुढं त्या पडद्यावर अप्पांनीच ती रंगीत प्लास्टिकची काच बसवली, वर निळी, मधे गुलाबी, खाली हिरवी, म्हणजे टीव्ही रंगीत झाला. समुद्र आणि शेत दाखवलं तर ठीक, पण बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि हात हिरवे दिसायचे. आम्ही तेही कौतुकानं बघायचो.

आम्ही म्हणजे अप्पा मधोमध खुर्चीवर, मी त्यांच्या पायाशी, आणि शेजारपाजारचे जमतील तसे जमिनीवर. तू कधीच त्यात नव्हतीस. तुझी जागा स्वयंपाकघराच्या दारात. चौकटीला पाठ लावून, एक पाय आत, एक बाहेर, आत चुलीवर तवा. टीव्ही होता बाहेरच्या खोलीच्या त्याच भिंतीला, जिच्यात हे दार आहे, त्यामुळं तुला तो समोरून असा कधी दिसलाच नाही. कडेनंच दिसायचा. तू त्याला आपल्या कन्नडमध्ये "सोट्ट" म्हणायचीस, म्हणजे वाकडं, तिरकं. कुणी विचारलं, काय काकू, दिसतंय का तिथून, तर म्हणायचीस, "सोट्ट दिसतंय, पण दिसतंय." आणि त्या तिरक्या बघण्यातून तुझी जी एक समजूत झाली होती तिच्यावर अजून मला एकट्याला हसू येतं. इतक्या कडेनं पाहिलं की पडदा अरुंद होतो आणि आतली माणसं काडीसारखी दिसतात. तुला वाटायचं, टीव्हीतली सगळी माणसं अशीच वाळलेली असतात. एकदा जाहिरात लागल्यावर तू फार कळवळून म्हणालीस, "ह्यांना खायला घालत न्हाईत व्हय रे?" अप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जाडी माणसं पेटीत मावत न्हाईत." आणि तू ते खरं मानलंस! कितीतरी दिवस मानलंस. मालिकेतल्या सुनेनं ताट पुढं ढकललं की तू भाकरी थापायची थांबवून म्हणायचीस, "खा गं बाई, खा. हाडं निघाल्यात."

मग कधीतरी श्रावणात तू मागच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेलीस. त्यांच्याकडंही टीव्ही होता आणि त्यांनी तुला मानानं पाटावर बसवलं, बरोबर समोर. परत आलीस ती तणतणतच. चपला काढायच्या आधी अप्पांना म्हणालीस, "ती सून लई जाड हाय की! माझ्याहून जाड हाय!" अप्पा हसून हसून खोकायला लागले. तू आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलली नाहीस, आणि त्या सुनेवरची तुझी मायाही आटली. मी तेव्हा म्हटलं होतं, अव्वा, आता समोर येऊन बसत जा. तू म्हणालीस, "समोर बसलं की भाकरी करपती." दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चौकटीला टेकून बसलीस. माणसं पुन्हा बारीक झाली.

तुझी सून घरात आली तेव्हा तू चौकटीत थोडी सरकलीस. बस, एवढंच तुझं स्वागत. दुसऱ्या दिवशी मधल्या बाजारातून तिच्यासाठी एक छोटा पाट आणलास, आणि ती घरात आल्यावर तू तिला दिलेली पहिली वस्तू ती हीच. साडी नंतर दिलीस. मग दोघी त्या दारात. तुझं निम्मं बोलणं कन्नड, तिचं सगळं मराठी, ती सांगोल्याकडची. तरी मालिका चालू असताना तुम्ही एकमेकींना काय काय सांगत असायचात आणि दोघींना सगळं कळायचं. एकदा मी ऐन रंगात आलेल्या प्रसंगाला चहा मागितला. नवा नवरा, जरा ऐट होती. ती उठायला लागली तर तू तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि मला म्हणालीस, "सुम्मने कूडु." गप बस. "जाहिरात लागू दे." मी जाहिरात लागेपर्यंत गप्प बसलो आणि चहा मग मीच केला. आयुष्यात चहा करायला मी असा शिकलो, आणि आता त्याचा फार उपयोग होतो.

शेवटच्या आजारात आम्ही तुझी कॉट बाहेरच्या खोलीत आणली आणि टीव्हीच्या बरोबर समोर लावली. वाटलं, बाईनं कधी समोरून बघितला नाही, आता बघेल. तू डोळे मिटून पडायचीस. मग एका सकाळी म्हणालीस, कॉट फिरवा. का, तर स्वयंपाकघर दिसत नाही. आम्ही फिरवली. तुला तुझी सून चुलीपाशी वावरताना दिसायला लागली आणि टीव्ही पुन्हा कडेला गेला. तेव्हा मला वाटलं होतं की तुला टीव्हीत रस राहिला नाही. आज वाटतं, रस तुला आधीही टीव्हीत नव्हता.

तुझ्यामागं ती एकटी त्या दारात बसायची. गॅस आला, चुलीची जागा ओट्यानं घेतली, तो पोटवाला टीव्ही जाऊन भिंतीवरचा पातळ टीव्ही आला, तरी ती तिथंच. मी म्हणायचो, ये की इकडं, खुर्ची रिकामी आहे. ती म्हणायची, इथंच बरं आहे. मग आपली लेक, तुझी नात, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि तिला दिवस राहिले तेव्हा ही तिच्या बाळंतपणाला गेली. बाळ मान धरू लागलं की येते म्हणाली. मग बसू लागलं की येते. मग चालू लागलं की येते. अव्वा, तुझा पणतू आता पाठीला दप्तर लावून शाळेत जातो. मधून मधून ती येते, गड्ड्याच्या जत्रेला येते, कुणाचं लग्न असलं तर येते, डबे घासते, पडदे धुते, शेंगाचटणी करून ठेवते आणि जाते. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर कुणाला सांगता तरी आलं असतं. लेकीची नोकरी आहे, जावयाची आहे, पोर लहान आहे, हे सगळं खरं आहे. तीही मला बोलवते. फोन ठेवताना दर वेळी म्हणायची, "तुमीच या की इकडं." आणि दर वेळी मी म्हणायचो, "घर कोण बघणार?" घर म्हणजे या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी. कुणी उचलून नेणार होतं असं नाही. जाऊन राहिलोही एकदोनदा, पण अकराव्या मजल्यावरून खाली बघून मला गरगरतं आणि तिथं कुणाला सकाळी सकाळी माझ्याशी बोलायला वेळ नसतो. हट्टीपणा म्हण. तू तर म्हणशीलच.

चिंचोळीच्या टॉवेलांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझा दिवस फार मोठा झालाय. सकाळी कडक भाकरीवाली बाई भाकऱ्यांची पिशवी कडीला अडकवून जाते, तिचं तोंडसुद्धा दिसत नाही. मी उठल्या उठल्या टीव्ही लावतो. बघत नाही. घरात कुणीतरी बोलत असलं की आमटीला फोडणी देताना बरं वाटतं. कधी कधी तर आंघोळीला जातानाही चालू ठेवतो, आणि बाहेर येताना आवाज ऐकू आला की क्षणभर वाटतं की पाहुणे आलेत. तुला हे ऐकून वाईट वाटेल, पण खरं ते सांगितलेलं बरं.

तर टीव्ही बिघडल्याचं कळल्यावर तुझ्या नातजावयानं मोबाइलवर माहितीचा मारा सुरू केला. पोरगा भला आहे, पण त्याला वाटतं मी कारखान्यात टॉवेलांचे रंग तपासायचो म्हणजे मला सगळ्याच तपासणीची हौस आहे. एकेका व्हिडिओत एकेक जण हातवारे करून सांगतो की बाकीचे सगळे टीव्ही कसे टाकाऊ आहेत. तुला थोडक्यात सांगतो. नेहमीचे एलईडी, म्हणजे आपल्या बिघडलेल्यासारखे, त्यांच्या चित्रामागं दिवे असतात. काळोखी रात्र दाखवायची असली तरी मागं दिवे चालूच, त्यामुळं रात्र राखाडी दिसते. त्यातच आणखी चांगले निघालेत, त्यांच्यात रंग खुलावेत म्हणून वेगळा थर असतो, त्यांना क्यूएलईडी म्हणतात. आणि सगळ्यात भारी तो ओएलईडी. त्यात मागं दिवे नाहीतच. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आपापला उजेड देतो आणि काळं दाखवायचं असलं की विझून जातो. मला हे फार आवडलं. काळा रंग किती छळतो हे ज्यानं आयुष्यभर काळ्या टॉवेलांचे गठ्ठे उजेडात धरून पाहिलेत त्याला विचार. ठरवून टाकलं की घेतला तर हाच.

नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्यापेक्षा थोडा लहान, पांढरी टोपी, हाताला अत्तराचा वास, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकानं नुसता पत्ता विचारला तरी काहीतरी घेऊन जावं. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच चित्र. डाळिंबं फुटताहेत, मासे पोहताहेत, रंगांच्या बादल्या उलटताहेत. मी म्हटलं, साधी बातम्यांची वाहिनी लावा, मला डाळिंबं बघायची नाहीत. तो हसला. "हौ काका, तुमी पैले गिऱ्हाईक असं म्हननारे." त्यानं ओएलईडी लावून दाखवला आणि खरंच सांगतो, काळा म्हणजे काय काळा! मी जवळजवळ खिशात हात घातलाच होता. तेवढ्यात तो सहज म्हणाला, "फकत एक करा, एकच चॅनेल दिवसभर चालू ठेवू नका. कोपऱ्यातलं चॅनेलचं चिन्न हाय न्हवं, ते कालांतरानं पडद्यावर उमटून बसतं. मग जात न्हाई."

"दिवसभर म्हणजे?" मी विचारलं.

"दिवसभर म्हंजे दिवसभर. सकाळपासून रातपर्यंत. पन तसं कोन बघतं काका?"

मी शेजारच्या टीव्हीकडं वळलो. म्हटलं, तो ओएलईडी जरा जास्तच झगझगीत वाटतो, दुसरं काय आहे?

मग एलईडीकडं आलो, आणि तिथं त्यानं मला कोड्यात टाकलं. म्हणाला, यातही दोन जाती आहेत, नाव कंपनीवाले मोठं मोठं सांगतात, मी सोपं सांगतो, एक समोरचा आणि एक बाजूचा. समोरच्याचं चित्र गडद, झणझणीत, काळाही बऱ्यापैकी काळा, पण ते बरोबर समोर बसणाऱ्यालाच. कडेला सरकलात की फिका पडतो. बाजूच्याचं चित्र समोरून थोडं मवाळ, पण कुठूनही बघा, तसंच राहतं. त्यानं मला धरून भिंतीच्या कडेला नेलं आणि दोन्ही दाखवले. टॉवेलाची लव एकीकडून गडद दिसते आणि दुसरीकडून फिकी, तसलाच प्रकार, त्यामुळं मला लगेच कळलं. समोरच्याच्या पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईंची काळी साडी माझ्या डोळ्यांदेखत राखाडी झाली. आपला बिघडलेला टीव्ही नशिबानं बाजूचा निघाला होता, म्हणून तुझ्या सुनेनं कधी तक्रार केली नसावी.

"आता सांगा," तो म्हणाला, "घरात बघनारे किती जन? आनि कुटं कुटं बसत्यात?"

साधा प्रश्न. रोज पन्नास जणांना विचारत असेल. दुकानात पंखा फिरत होता, एक जोडपं मिक्सर बघत होतं, आणि मी शाळेत फळ्यापुढं उभं केल्यासारखा उभा. मग म्हटलं, "दोघं. मी समोर. आणि एक स्वयंपाकघराच्या दारात."

"दारात?" त्याला गंमत वाटली. त्यानं विचारलं, दार टीव्हीच्या कुठल्या बाजूला आहे, किती लांब. मी सगळं सांगितलं, अगदी बारकाईनं, जणू आज सकाळीच तिथून चहा आला होता. त्यानं मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "मग समोरचा अजिबात घेऊ नका. काकूंना भुतं दिसतील. पन असं करा, काकूंनाच घेऊन या. जिला तितनं बघायचंय तिनंच बघून ठरवलेलं बरं." मी म्हटलं, विचारतो तिला. परत येताना रिक्षा केली नाही, चालत आलो. मन हलकं झालं होतं, उगाचच. तिला विचारायला मला काहीतरी मिळालं होतं. कधी येणार, असं विचारलं की ती पोराच्या शाळेचं सांगते, आणि ते ऐकताना मी काहीतरी मागायला आलेल्या माणसासारखा होतो. टीव्हीचं विचारायला काय हरकत आहे? दारातून नीट दिसेल असा घेतो म्हटलं की तिलाच काय ते कळेल.

दुपारी ती मोकळी असते म्हणून जेवण झाल्यावर फोन केला.

"जेवलाव का?" ती म्हणाली. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवलो. टीव्ही बघून आलो."

"घेतलाव?"

"न्हाई. दोन हायत." मी तिला समोरचा आणि बाजूचा समजावून सांगितला. दुकानदारानं सांगितला त्यापेक्षा जरा रंगवूनच. मग म्हटलं, "म्हणतो, दुसराच घ्यावा. समोरनं जरा कमी, पण दारातनं लई छान दिसतो. तुला तिथनं नीट दिसंल."

पलीकडं कार्टूनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "दारातनं कोण बघणार हाय ओ?"

तिच्या बोलण्यात कसलाही डंख नव्हता. दूध आलं का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुमी एकटंच बघणार की. तुमाला समोरनं चांगला दिसतो न्हवं? मग तोच घ्या. माझं काय, मला आता समोर बसायची सवय लागली. इथं सोफ्यावर मधोमध बसते. हे पोरगं मांडीवर चढतं, हलू देत न्हाई. परवा जावई म्हणायलते, आई, तुमच्या राज्यात आमाला कोपरा." आणि ती हसली. तिचं ते हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मला फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी ये की समोर, ये की समोर म्हणत होतो. ती आली समोर, पण दुसऱ्या घरात. तिला मधली जागा मिळाली, मांडीवर नातू मिळाला, आणि यात रागवावं असं काही मला शोधूनही सापडेना. "बरं," मी म्हणालो, "समोरचाच घेतो."

दुसऱ्या दिवशी जाऊन समोरचा घेतला. दुकानदार म्हणाला, काकूंनी समोरचा पसंत केला? मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. संध्याकाळी दोघे जण येऊन भिंतीवर लावून गेले. त्यातल्या मोठ्यानं मला खुर्चीत बसवलं, माझ्या डोळ्यांची उंची हातानं मापली आणि बरोबर त्या रेषेत टीव्ही टांगला. चित्र सुरेख आहे. काळा ओएलईडीइतका नाही, पण मला चालतो. ते गेल्यावर मी एकदा दारात जाऊन बघितलं. फिका दिसतो. दुकानदारानं खोटं सांगितलं नव्हतं. मला आत कुठंतरी आशा होती की तो जरा वाढवून सांगत असेल. खोकं ते टाकायला नेत होते, ते मात्र मी ठेवून घेतलं. गॅरंटीसाठी म्हटलं. तसं टीव्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा झाला तर खोकं लागतंच.

मग तिचा व्हिडिओ कॉल आला. दाखवा की, म्हणाली. मी फोन धरून टीव्ही दाखवला, आधी लांबून, मग जवळून. तुझ्या पणतवानं मधे तोंड घालून विचारलं, आजोबा, याच्यात गेम आहे का. ती म्हणाली, "छान हाय की. मोठा हाय." मी फोन तसाच धरून ठेवला, हात दुखायला लागला तरी. ती म्हणाली, "आता तुमाला करमंल." मी म्हटलं, हो, करमेल. मग तिनं चटणी संपली का विचारलं, गोळ्या घेता का विचारलं, थंडी पडलीय का विचारलं, आणि पोराला भूक लागली म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर टीव्ही बंद करून मी हे लिहायला बसलो. शेजारच्यांच्या घरात कुकर झाला, त्यांची माणसं जेवायला बसली, आणि इकडं एवढा कोरा टीव्ही असून मला लावावासा वाटेना. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, अंगठ्यावर तुझा सगळा कारभार चालला, त्यामुळं हे कागद कुठं पाठवायचे हा प्रश्नच येत नाही. खरं म्हणजे यातलं काहीही तुला सांगायचं नव्हतंच. जिला सांगायचं तिच्यासाठी कागद लागत नाही, फोन इथंच टेबलावर पडलाय. पण अव्वा, एक गोष्ट तुझ्याजवळ बोलतो. तिनं फोन ठेवायच्या आधी मी वाट बघत होतो. नेहमीसारखं "तुमीच या की इकडं" म्हणाली असती, तर या खेपेला मी येतो म्हणणार होतो. ती म्हणाली नाही.